शेतीचा वार्ताहर : खेड्यातील तरुणांसाठी एक जबाबदारीचा व्यवसाय

बी, खत, पाणी आणि अवजारे या शेतीच्या गरजा सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्याच बरोबरीची आणखी एक गरज आहे आणि ती म्हणजे माहिती. कोणते वाण केव्हा पेरावे, कीड किती वाढली म्हणजे फवारणी करावी, पाऊस कधी उघडेल, बाजारात आवक किती आहे, या गोष्टी वेळेवर व खऱ्या स्वरूपात समजल्या तर पैसा आणि श्रम दोन्ही वाचतात. त्या चुकीच्या समजल्या तर हंगाम हातचा जातो. अशी माहिती शोधणे, ती पारखणे आणि शेतकऱ्याच्या भाषेत मांडणे हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. वृत्तपत्रे, मासिके, आकाशवाणी, दूरदर्शन, सामुदायिक रेडिओ आणि मोबाइलवर पाहावयाच्या चित्रफिती, या सर्वांस शेती जाणणाऱ्या माणसांची उणीव भासते. खेड्यातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी या व्यवसायाची तयारी कशी करावी व त्याचा आरंभ कोठून करावा, याचा विचार या लेखात केला आहे.

चुकीच्या शब्दाची किंमत

प्रथम या कामाची जबाबदारी लक्षात घेतली पाहिजे. शहरातील एखाद्या समारंभाची बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापून भागते. शेतीच्या बातमीत तसे होत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांवर रुग्णालयात उपचार करावे लागले. या दुर्घटनेची कारणे अनेक होती. अंगावर संरक्षक कपडे नव्हते, निरनिराळी औषधे एकत्र मिसळली जात होती, पीक माणसाच्या उंचीपर्यंत वाढले होते आणि हवा दमट होती. परंतु डब्यावर छापलेली सूचना आणि फवारणाऱ्या मजुराचे ज्ञान यांत केवढे अंतर राहिले आहे, हेही त्या वर्षी सर्वांच्या ध्यानात आले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल रंग अतिशय तीव्र विषाचा, पिवळा त्याहून कमी, निळा मध्यम आणि हिरवा सर्वांत सौम्य विषाचा निदर्शक होय. ही खूण निरक्षर माणसासही समजावी म्हणूनच योजलेली आहे. तथापि रंगाचा अर्थ कोणी सांगितलाच नाही, तर ती खूण असून नसल्यासारखीच ठरते. ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याच्यापर्यंत हा अर्थ पोहोचविणे हे शेतीच्या वार्ताहराचे काम आहे.

प्रमाणाच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. शिफारस बहुधा 'दहा लिटर पाण्यास इतके मिलिलिटर' अशी असते. पाठीवरचा पंप मात्र पंधरा किंवा सोळा लिटरांचा असतो. लिहिणाऱ्याने नुसते 'पंपाला इतके टाका' असे लिहिले आणि पंप किती लिटरांचा हे सांगितले नाही, तर वाचणाऱ्याने काय समजावे? औषध कमी पडले तर कीड मरत नाही व पैसा वाया जातो; अधिक पडले तर पीक, जमीन आणि माणूस या तिघांनाही धोका पोहोचतो. म्हणून या व्यवसायात सुंदर वाक्यापेक्षा बिनचूक वाक्याची योग्यता मोठी आहे.

शब्दाचे सामर्थ्य

शब्दाने जसे नुकसान होते तसा लाभही होतो. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तमिळनाडूतील तंजावर भागात भाताच्या 'एडीटी-२७' या नव्या वाणाचा प्रसार तिरुचिरापल्ली आकाशवाणीने इतका नेटाने केला की शेतकरी त्या वाणास 'रेडिओ भात' म्हणू लागले. दिल्लीच्या परिसरातील ऐंशी खेड्यांसाठी २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' हा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे मुंबई दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने महाराष्ट्राच्या घराघरांत शेतीचा विषय नेला. २००५ पासून 'अ‍ॅग्रोवन' हे केवळ शेतीस वाहिलेले मराठी दैनिक निघत आहे. शेतकरी वाचत नाही, ऐकत नाही, ही समजूत या उदाहरणांनी खोटी ठरविली आहे. त्याच्या उपयोगाचे असेल तर तो अवश्य वाचतो आणि दुसऱ्यासही वाचून दाखवितो.

खेड्यातून निघालेले पत्र

लेखनाचा व्यवसाय शहरातच करता येतो, असाही एक समज आहे. महाराष्ट्राचा इतिहास तसे सांगत नाही. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात तरवडी हे गाव आहे. १९१० मध्ये मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' हे पत्र हाती घेतले आणि पुढे ते तरवडीहून चालविले. १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' सुरू करणारे कृष्णराव भालेकर हे मुकुंदरावांचे जन्मदाते वडील. मुकुंदराव १९६७ मध्ये निवर्तले. अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी हे पत्र सांभाळले. मोठे शहर नाही, मोठे भांडवल नाही. तरीही शेतकऱ्यांची व कष्टकऱ्यांची दुःखे त्यांच्याच भाषेत मांडणारे पत्र एका खेड्यातून इतकी वर्षे चालले, ही साधी गोष्ट नव्हे. खेड्यात राहणे हा वार्ताहराचा उणेपणा नसून तेच त्याचे भांडवल आहे, असा याचा अर्थ आहे.

ऐकणाऱ्यासही बोलू द्यावे

या व्यवसायात उतरणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा एक प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन केली. प्रत्येक मंडळात सुमारे वीस माणसे असत. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई, आणि असे वीस कार्यक्रम झाले. ऐकून उठून जावयाचे अशी पद्धत नव्हती. कार्यक्रम संपला म्हणजे मंडळी चर्चा करीत, मंडळाचा चिटणीस ती टिपून घेई आणि शंका केंद्राकडे पाठवी. पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. जेथे मंडळे होती त्या गावांतील लोकांच्या ज्ञानात स्पष्ट भर पडली होती. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ही भर फारच थोडी होती. यंत्र दोन्हीकडे एकच होते आणि कार्यक्रमही एकच होता. फरक पडला तो चर्चेमुळे व प्रश्नाला उत्तर मिळण्यामुळे. १९५९ पासून ही योजना देशभर राबविण्यात आली.

आज मंडळाच्या रेडिओची जागा प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलने घेतली आहे. चित्रफीत क्षणात हजारो लोकांपर्यंत जाते. परंतु पाहणाऱ्याची शंका सांगणाऱ्यापर्यंत परत आली नाही, तर साधन कितीही वेगवान असले तरी काम अर्धेच राहते. जो परत येणाऱ्या प्रश्नांची वही ठेवतो, त्याला उद्या काय लिहावे याची चिंता करावी लागत नाही.

तयारी पहिली : विषयाचे ज्ञान

ज्याला शेतीचा वार्ताहर व्हावयाचे आहे त्याने प्रथम शेतीची परिभाषा नीट समजून घ्यावी. हवामानाचे उदाहरण घेऊ. भारतीय हवामान विभाग 'तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस' असा इशारा देतो. यातील प्रत्येक शब्दाला माप आहे. 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थ त्या विभागातील शंभरांपैकी फार तर पंचवीस ठिकाणी. 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस. हे ठाऊक नसलेला बातमीदार 'जिल्ह्यात मुसळधार पाऊस पडणार' असे लिहितो. ते वाचून कोणी कोरड्यात पेरणी उरकतो, कोणी कच्चे पीक काढून घेतो. पाऊस तुरळकच पडतो आणि दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. पुरेशी ओल झाल्याखेरीज, म्हणजे साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज, खरिपाची पेरणी करू नये असा कृषी खात्याचा सल्ला असतो. हवामानाच्या बातमीस हे एक वाक्य जोडले तरी किती तरी बियाणे वाचेल.

विषय शिकण्याची साधने जवळच आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे आपल्या राज्याची चार कृषी विद्यापीठे आहेत. कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात विस्तार शिक्षण हा विषय असतो व कृषी पत्रकारिता हा ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांत तज्ज्ञांशी प्रत्यक्ष बोलता येते. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर किसान कॉल सेंटरला विनामूल्य दूरध्वनी करून शंका विचारता येते. कृषी पदवी नसली तरी बिघडत नाही. मात्र न समजलेल्या गोष्टीविषयी लिहावयाचे नाही हा नियम कटाक्षाने पाळावा.

तयारी दुसरी : भाषा

कार्यालयाची भाषा आणि बांधावरची भाषा यांत अंतर असते. पुढील वाक्य पाहावे : 'गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणार्थ प्रति हेक्टर पाच कामगंध सापळ्यांचा अवलंब करण्यात येऊन आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास शिफारशीत उपाययोजना करण्यात यावी.' यात असत्य काहीही नाही. परंतु हे ऐकून उद्या सकाळी उठून काय करावयाचे, हे शेतकऱ्यास उमगत नाही.

तेच असे सांगता येईल : 'एका हेक्टरात, म्हणजे अडीच एकरांत, पाच कामगंध सापळे लावा. रोज सकाळी सापळ्यांतील पतंग मोजा व आकडा लिहून ठेवा. लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडू लागले, तर कृषी कार्यालयास विचारून फवारणीचे ठरवा. शेजाऱ्याने फवारले एवढ्यावरून आपण फवारू नका.' येथे एकेका वाक्यात एकेकच काम सांगितले आहे. माप हेक्टराबरोबर एकरातही दिले आहे. काय करावे, केव्हा करावे आणि काय करू नये, हे तिन्ही आले आहे.

बोलावयाच्या मजकुरास आणखी एक पथ्य आहे. वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, ऐकणारा मागे जाऊ शकत नाही. म्हणून रेडिओवर महत्त्वाचा आकडा दोनदा सांगावा व वाक्ये आखूड ठेवावीत. लिहून झाल्यावर मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. जेथे आपलाच श्वास अडखळतो तेथे ऐकणाऱ्याचे लक्ष अडखळल्यावाचून राहत नाही. आपल्या भागातील शब्द जपून ठेवावेत. पिकांची, तणांची व अवजारांची नावे विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात आणि कोकणात भिन्न असतात. ज्यांच्यासाठी बोलावयाचे त्यांचा शब्द आधी आणि पुस्तकी शब्द नंतर, असा क्रम ठेवावा.

तयारी तिसरी : विचारणे आणि पडताळणे

चांगला वार्ताहर उत्तम बोलणारा असतो असे लोकांस वाटते. वस्तुतः तो उत्तम विचारणारा असतो. एखाद्या शेतकऱ्याने उसाचे किंवा कांद्याचे विक्रमी उत्पन्न काढले असे कानी आले, तर फुले-हार आणि छायाचित्र यांवर थांबू नये. क्षेत्र किती? जमीन कशी? पाणी कोठून आले? बी, खत, औषध, मजुरी व वाहतूक यांवर खर्च किती झाला? माल कोणत्या भावाने गेला? खर्च वजा जाता हाती काय राहिले? मागील दोन वर्षांत काय झाले होते? हे सर्व विचारून वजन-पावत्या पाहाव्यात. केवळ विक्रीची रक्कम छापून तीच कमाई म्हणून सांगितलेली यशोगाथा अपुरी तर असतेच, शिवाय ती घातक ठरते. कारण तिच्या भरवशावर दुसरा शेतकरी कर्ज काढतो.

प्रत्येक गोष्ट निदान दोन ठिकाणी पडताळावी. भाव कळला तर तो बाजार समितीच्या नोंदीत पाहावा. औषधाचे नाव कळले तर ते त्या पिकासाठी व त्या किडीसाठी शिफारस केलेले आहे की नाही, हे विद्यापीठाच्या शिफारशीत पाहावे. मोबाइलवर फिरत आलेला मजकूर कोठला, कोणत्या वर्षाचा व कोणत्या राज्याचा आहे, याची खात्री होईपर्यंत तो पुढे धाडू नये.

संदेशाची उगवणशक्ती

पेरणीपूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवणशक्ती तपासतो. सोयाबीनचे सत्तर दाणे उगवले तर बी पेरण्यायोग्य समजतो. संदेशाचीही अशीच परीक्षा घेता येते. आपण लिहिलेला मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी गावातील दहा माणसांस वाचून दाखवावा. त्यांत तरुण, वृद्ध, स्त्रिया, मजूर असे सर्व असावेत. नंतर त्यांना विचारावे : काय करावयाचे? किती प्रमाणात? केव्हा? कशापासून जपावयाचे? उत्तरे त्यांच्या तोंडून ऐकावीत, मध्ये बोलू नये. बाजारभावाच्या बातमीत दहापैकी सातांनी नीट सांगितले तर ठीक म्हणता येईल. विषारी औषधाच्या मात्रेत मात्र दहातील एकाचीही चूक चालणार नाही. तो एक चुकला, तर मजकूर पुन्हा लिहावा. यात कमीपणा कसला? बी उगवले नाही म्हणून कोणी जमिनीस दोष देत नाही.

पहिले वर्ष

नोकरीची जाहिरात निघण्याची वाट पाहत बसू नये. एका वर्षाचा क्रम पुढीलप्रमाणे आखता येईल.

मृगापासून एक टिपणवही ठेवावी. तीत रोजचा पाऊस, पेरणीची प्रगती, किडीची पहिली नोंद व आठवडी बाजाराचे भाव लिहावेत. वर्षाअखेर ही वही गावाचा शेती-इतिहास होईल. ग्रामपंचायतीच्या परवानगीने एक भित्तिपत्र चालवावे. आठवड्यास एकदा हवामान, भाव आणि एक उपयुक्त सूचना सुवाच्य अक्षरात लिहावी. वाचणारे चूक लगेच दाखवितात. त्यासारखा शिक्षक दुसरा नाही. महिन्यास एक लहान लेख किंवा वाचकाचे पत्र मासिकास अथवा दैनिकास पाठवावे. परत आलेला लेख ठेवून द्यावा व काय कमी पडले ते पाहावे. मोबाइलवर तीन-तीन मिनिटांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. वारा, मोटार किंवा कोंबड्यांचा आवाज येत नाही अशी जागा निवडावी, आणि समोरच्याचे बोलणे मध्येच तोडू नये.

वर्षाच्या शेवटी बारा लेख, सहा मुलाखती आणि एक भरलेली वही हाती असेल. संपादकाकडे अथवा केंद्राकडे जाताना हेच आपले प्रशस्तिपत्र होय.

शिक्षण आणि प्रवेशाच्या वाटा

रीतसर शिक्षण घेणाऱ्यांसाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा वृत्तविद्या विभाग आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती येथील केंद्रात मराठी पत्रकारिता शिकविली जाते. ज्यांना घर व शेत सोडता येत नाही त्यांस नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पत्रकारितेचे शिक्षण घेता येते. प्रवेशाच्या अटी व शुल्क त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

कामाच्या वाटा निरनिराळ्या आहेत. दैनिकास तालुक्याचा वार्ताहर लागतो. आकाशवाणीची केंद्रे नैमित्तिक निवेदकांसाठी जाहिरात देतात व लेखी परीक्षा आणि ध्वनिचाचणी घेऊन निवड करतात. शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील अधिकारी लोकसेवा आयोगामार्फत निवडले जातात. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या व सहकारी संस्था यांनाही सभासदांशी नीट बोलणारा माणूस हवा असतो.

सामुदायिक रेडिओची वाट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. २००६ च्या धोरणाने कृषी विज्ञान केंद्रे व स्वयंसेवी संस्था यांना असे केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत, अशी त्यात अट आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 'माणदेशी तरंग' हे केंद्र चालते. तेलंगणातील झहीराबादजवळ माचनूर येथे २००८ मध्ये सुरू झालेला 'संघम रेडिओ' दलित शेतकरी स्त्रियांनी चालविला आहे. निंदणी, बियाणे साठविणे, जनावरे सांभाळणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. तेव्हा त्यांविषयी बोलणारा आवाजही स्त्रीचा असावा, हे योग्यच होय. घरातील मुलीने या व्यवसायाची इच्छा दर्शविली तर वडीलधाऱ्यांनी तिला अडवू नये.

पोटापाण्याचा प्रश्न

येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तालुक्याच्या वार्ताहरास पुष्कळदा मासिक वेतन नसते, प्रसिद्ध झालेल्या मजकुरावर अल्प मानधन मिळते. नैमित्तिक निवेदकास महिन्यातून थोडेच दिवस काम मिळते व ते कायम नोकरीचे नसते. चित्रफितींचे उत्पन्न आज आहे, उद्या नाही, असे असते. म्हणून आरंभीची काही वर्षे शेती, दूधधंदा किंवा दुसरा एखादा आधार सोडू नये. कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नये. असलेल्या मोबाइलवर हात बसवावा. साधने मागाहून घेता येतात.

स्वतःचे नियतकालिक काढावयाचे झाल्यास १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते. आधी दुसऱ्याच्या पत्रात काम करून छपाई, वितरण व जाहिरात यांचे गणित शिकावे, मगच या भरीस पडावे.

विश्वास हेच भांडवल

उत्पन्न अनिश्चित असले म्हणजे मोह उभे राहतात. बी-बियाणे व औषधांचे विक्रेते आपल्या मालाची स्तुती छापून आणू पाहतात. पैसे घेऊन लिहिलेला मजकूर ही जाहिरात आहे आणि ती जाहिरात म्हणूनच छापली पाहिजे. जाहिरात छापणे हा अपराध नव्हे. जाहिरातीस सल्ल्याचा वेष देणे हा शेतकऱ्याचा विश्वासघात होय. एकदा गमावलेला विश्वास कोणत्याही खताने पुन्हा उगवत नाही.

शेतकऱ्याच्या आत्महत्येसारख्या प्रसंगी तर फार संयम हवा. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांविषयी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत. आत्महत्येची पद्धत वर्णू नये, एकच कारण ठामपणे चिकटवू नये, भडक मथळा देऊ नये व मदत कोठे मिळेल ते सांगावे, असा त्यांचा आशय आहे. शोकाकुल घरात शिरताना आपण प्रथम शेजारी आहोत आणि मागाहून वार्ताहर, हे विसरू नये. छायाचित्रासाठी संमती घ्यावी. ती न मिळाल्यास कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

आपल्या गावात नीट लिहिणारा, स्पष्ट बोलणारा, जिज्ञासू असा एखादा मुलगा किंवा मुलगी असतेच. कार्यकर्त्यांनी त्यांना हेरून प्रात्यक्षिकाच्या व शेतकरी मेळाव्याच्या वेळी सोबत न्यावे, तज्ज्ञांशी गाठ घालून द्यावी आणि त्यांनी लिहिलेला मजकूर तपासून तांत्रिक चुका दाखवाव्यात. मात्र त्यांच्याकडून आपल्या कार्याची स्तुती लिहवून घेण्याचा मोह टाळावा. योजना कोठे अडली, बियाणे कोठे उशिरा पोहोचले, हे त्यांनी खरेपणाने लिहिले तर राग मानू नये. अशा लेखनातून आपल्याच कामातील उणिवा वेळीच ध्यानात येतात व त्या दूर करता येतात.

या व्यवसायात नाव मिळते, काही प्रमाणात पैसाही मिळतो. परंतु त्याचे खरे फळ निराळे आहे. आपण सांगितल्यामुळे एखाद्याने वाफसा येईपर्यंत पेरणी थांबविली, एखाद्या मजुराने लाल त्रिकोण ओळखून हातमोजे घातले, एखाद्या बाईने काट्यावर आपल्या मालाचे वजन तपासून घेतले, एवढे घडले की वार्ताहराचे श्रम कारणी लागले. ज्या तरुणास हे मोल पटते, त्याने येत्या मृगाची वाट न पाहता आजच टिपणवही उघडावी.